शेजाऱ्याच्या सांडपाण्यावरचा खर्च

नऊ राष्ट्रांच्या किनाऱ्यांनी वेढलेला आणि डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या, उथळ सामुद्रधुन्यांतूनच काय तो महासागराशी संबंध राखणारा बाल्टिक हा नावाने समुद्र असला, तरी स्वभावाने बराचसा सरोवर आहे. त्याची सरासरी खोली अवघी ५५ मीटरांच्या आसपास, पाणी मचूळ, आणि ते पुरते पालटायला सुमारे ३० वर्षे लागतात. भोवतालच्या प्रदेशात मात्र साडेआठ कोटी माणसांची वस्ती, आणि त्यांच्या शेतांतले खत, कारखान्यांतला निचरा व घरांतले सांडपाणी नद्यांच्या वाटेने अखेर याच पात्रात येऊन साचते. पिकांना पोसणारी स्फुरद आणि नत्र ही द्रव्ये येथे नीलहरित शेवाळाला पोसतात. उन्हाळ्यात त्याचा दाट थर पाण्यावर तरंगतो, आणि मेल्यावर तळाशी जाऊन कुजताना तो तेथला प्राणवायू असा शोषून घेतो की, मैलोगणती तळ निर्जीव होऊन बसतो.

या दुखण्यावर उपाय शोधण्यासाठी १९७४ साली, म्हणजे शीतयुद्धाच्या काळात, दोन्ही गोटांतील सात राष्ट्रांनी हेल्सिंकी येथे एका करारनाम्यावर सह्या केल्या, ही घटना मला आजही विलक्षण वाटते. करारातून ‘हेल्कॉम’ हा आयोग जन्मास आला. परंतु त्याच्या शिफारशी बंधनकारक नव्हत्या, आणि बांधकामाचा खर्च उचलील अशी तिजोरीही त्याच्यापाशी नव्हती. सोव्हिएत संघराज्य विसर्जित झाल्यावर, १९९२ साली, प्रदूषणाच्या १३२ प्रमुख ठिकाणांची यादी तयार झाली, तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला तो पैशाचाच.

नेव्हा नदीच्या मुखाशी वसलेल्या सेंट पीटर्सबर्गची वस्ती सुमारे ५० लाखांची. १९७८ पर्यंत त्या महानगराचा सारा मैला कसलीही प्रक्रिया न होता फिनलंडच्या आखाताकडे वाहत असे. त्याच आखाताच्या काठी असलेल्या हेल्सिंकीने खडकाच्या पोटात शुद्धीकरण केंद्र खोदून आपल्या सांडपाण्यातील बहुतेक सारे स्फुरद काढून घेतले होते. उरलेला अल्पांश काढण्यास जो खर्च पडला असता, त्यात पीटर्सबर्गला कितीतरी पट अधिक स्फुरद अडवता येत होते. तेव्हा फिनलंडच्या करदात्याचा पैसा रशियाच्या गटारावर खर्च होऊ लागला, तो औदार्यापेक्षा हिशेबामुळे, आणि असा हिशेब औदार्यापेक्षा अधिक टिकाऊ असतो, असे माझे मत आहे.

सोव्हिएत अमदानीत आरंभलेले त्या शहराचे नैर्ऋत्य शुद्धीकरण केंद्र द्रव्याअभावी वर्षानुवर्षे अर्धवट पडून होते. ते पुरे करण्यासाठी नॉर्डिक गुंतवणूक बँक, युरोपीय गुंतवणूक बँक आणि युरोपीय पुनर्रचना व विकास बँक यांनी कर्ज दिले. फिनलंड, स्वीडन आणि युरोपीय संघ यांच्याकडून परतफेडीची अट नसलेले अनुदान मिळाले. अशा व्यवहारातली मेख नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. अनुदानाची रक्कम कर्जाच्या मानाने लहान असते. पण तिच्यामुळे एकूण बोजा हलका होतो, हप्ते शहराच्या पाणीपट्टीतून फिटतील इतपत खाली येतात, आणि एरवी हात आखडणाऱ्या बँका मंजुरी देतात. हेच काम पद्धतशीर व्हावे म्हणून २००१ साली ‘नॉर्दर्न डायमेन्शन’ पर्यावरण भागीदारी स्थापन झाली, आणि तिच्या निधीत खुद्द रशियानेही आपला वाटा घातला.

दिवसाला ३,३०,००० घनमीटर पाणी स्वच्छ करणाऱ्या या केंद्राच्या उद्घाटनाला २००५ च्या सप्टेंबरात रशियाचे अध्यक्ष पुतिन, फिनलंडच्या अध्यक्षा तार्या हालोनेन आणि स्वीडनचे पंतप्रधान योरान पेर्शोन जातीने हजर होते. मैलापाण्याच्या नशिबी असा दरबारी थाट क्वचितच येतो. तेथे गाळ जाळण्याची भट्टी आहे, आणि तिच्या धुराची पारख करण्यासाठी पुढे आफ्रिकी गोगलगाई बाळगण्यात आल्या. त्यांना धुराचा अंश असलेल्या हवेत ठेवायचे आणि शंखाला जोडलेल्या यंत्राने हृदयाचे ठोके मोजायचे, अशी ही योजना. पुढे लोहक्षार मिसळून स्फुरद तळाशी बसवण्याची पद्धत शहरात रूढ झाली, तिला फिनलंडमधील जॉन नुर्मिनेन प्रतिष्ठानाचे साहाय्य लाभले; आणि २०१३ पर्यंत शहराचे सुमारे ९८ टक्के सांडपाणी शुद्धीकरणाच्या कक्षेत आले.

तळाच्या गाळात पूर्वीच मुरलेले स्फुरद मात्र आजही वर येतच राहते. शिवाय २०२२ साली युक्रेनवर आक्रमण झाल्यावर युरोपीय संघाने या भागीदारीतील रशियाशी असलेले सहकार्य स्थगित केले, आणि हेल्कॉमचे औपचारिक कामकाजही थांबले. बांधून झालेली केंद्रे जागच्या जागी आहेत. अधिक मोठी हानी झाली ती दोन्ही काठांवरच्या रुजुवातीची. २०११-१२ च्या सुमारास रशियातल्या लुगा नदीच्या पाण्यात अवाजवी स्फुरद आढळले आणि त्याचा माग किंगिसेप येथील खतकारखान्याच्या कचऱ्याच्या ढिगापर्यंत लागला, तो फिनिश व रशियन जाणकारांनी मिळून घेतलेल्या नमुन्यांवरून. आज तसे नमुने एकत्र बसून तपासण्याची वाट बंद आहे.