पुस्तक आपले, किल्ली परक्याची

आपल्या घरातील जुनी पेटी उघडावी, तर तळाशी आजोबांचे प्रार्थनापुस्तक सापडते. पाने पिवळी पडलेली. कोऱ्या पानावर मुलांच्या बाप्तिस्म्याच्या तारखा टिपलेल्या. आजोबांनी ते एकदा मोल देऊन घेतले आणि ते त्यांचे झाले. त्यांनी ते वाचले, शेजाऱ्यास वाचावयास दिले, अखेर मुलाच्या हाती सोपविले. दुकानदार पुन्हा कधी ते मागावयास आला नाही.

आज आपली मुले संगणकावर वा मोबाईलवर पुस्तक ‘विकत’ घेतात. ते त्यांचे होते काय?

जुलै २००९ मधील गोष्ट. ॲमेझॉन कंपनीच्या किंडल या वाचनयंत्रावर ज्यांनी जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्या घेतल्या होत्या, अशा अमेरिकेतील अनेकांच्या यंत्रांतून त्या एकाएकी नाहीशा झाल्या. ज्याने त्या विक्रीस ठेवल्या, त्याला तसा हक्क नव्हता, असे कळताच कंपनीने दूर बसल्या बसल्या त्या काढून घेतल्या व पैसे परत केले. मिशिगनमधील एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे मूळ मजकुरावाचून निरुपयोगी झाली. पुढे कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी जाहीर क्षमा मागितली. चूक कबूल झाली हे ठीकच. परंतु परक्याचा हात आपल्या कपाटापर्यंत पोहोचतो, हे त्या दिवशी जगाला कळले.

हे घडते कसे? अशा पुष्कळशा पुस्तकांना, गाण्यांना व चित्रपटांना एक अदृश्य कुलूप असते. त्याला ‘डिजिटल राइट्स मॅनेजमेंट’ किंवा थोडक्यात डी.आर.एम. म्हणतात. मजकूर सांकेतिक लिपीत बंद केलेला असतो. तो उलगडण्याची किल्ली कंपनी आपल्या संगणकावरून ग्राहकाच्या यंत्राला देते. ग्राहकाच्या हाती ती कधीच येत नाही. पुस्तक किती यंत्रांवर उघडावे, छापता यावे की नाही, दुसऱ्यास देता यावे की नाही, हे ती किल्ली ठरविते. यंत्र आपण घेतले. आज्ञा मात्र ते दुसऱ्याची पाळते.

शिवाय किल्लीवालाच दुकान बंद करून गेला तर? २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, आणि ग्राहकांची पुस्तके उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले. पुस्तके गेली ती गेलीच.

कुलूप लावणाऱ्यांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. लेखक रात्री जागून लिहितो, प्रकाशक भांडवल घालतो. त्यांच्या श्रमाचे फळ फुकट लुटणे ही चोरीच होय, आणि सातवी आज्ञा तेथेही लागू आहे. आपल्या देशात २०१२ च्या कायद्यानुसार, लेखकाचे हक्क डावलण्याच्या हेतूने असे कुलूप मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. परंतु तीच आज्ञा विक्रेत्यालाही बांधते. ‘विकत घ्या’ असे म्हणून मोल घ्यावे आणि प्रत्यक्षात केवळ वापरण्याचा परवाना द्यावा, हा चोख व्यवहार नव्हे. कॅलिफोर्निया राज्याने म्हणूनच २०२५ पासून, परवानाच देत असल्यास तसे ग्राहकास स्पष्ट सांगावे, असा कायदा लागू केला.

आपल्या लोकांना हा प्रश्न परका नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ सालीही ते निघाले. त्या छापील प्रतींपैकी एकही आज ज्ञात नाही. मग ते पुराण आपणांपर्यंत आले कसे? भाविकांनी हाताने नकला केल्या, जपून ठेवल्या, मुलांना दिल्या. त्या हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले गेले. त्या नकलांना कुलूप असते, आणि किल्लीवाला काळाच्या पोटात गडप झाला असता, तर मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे ते लेणे आज कोणाला दिसले असते?

तेव्हा पालकांनी काय करावे? घेण्यापूर्वी विचारावे : हे दुसऱ्या यंत्रावर चालेल काय? इंटरनेटवाचून उघडेल काय? दुकान बंद झाले तर काय? कुलूप नसलेली पुस्तकेही मिळतात. ॲपलने २००९ साली आपल्या दुकानातील गाण्यांवरचे कुलूप काढून टाकले. तरी गाण्यांची विक्री थांबली नाही. लेखकाच्या निधनास साठ वर्षे उलटली की, त्याच्या हयातीत छापलेले ग्रंथ आपल्या देशात सर्वांचे होतात. त्यांची नक्कल करण्यात पाप नाही, गुन्हाही नाही. आणि जे पुस्तक नातवापर्यंत पोहोचावे असे वाटते, ते शक्य तर कागदावर घ्यावे.

लेखकाचे मोल चुकवू नये आणि आपला हक्कही अजाणतेपणी गमावू नये. पेटीतल्या त्या प्रार्थनापुस्तकाला किल्ली लागत नाही. म्हणूनच ते आजोबांकडून आपणांकडे आले.