पत्रातला संक्षेप उलगडताना

‘स. न. वि. वि.’ शाळेत मराठी पत्रलेखन शिकलेल्या प्रत्येकाने ही अक्षरं कधी ना कधी लिहिली आहेत. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. पाकिटावर ‘मु. पो. मेणवली, ता. वाई, जि. सातारा’, आत मायन्याला ‘ती.’ किंवा ‘चि.’. यांतलं काही आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनालाही त्याच्या संक्षेपांची फोड सांगावी लागत नव्हती. तो गेला, फोड त्याच्याबरोबर गेली, संक्षेप तेवढे कागदावर राहिले.

सातारा-सांगलीकडे अशा कागदांना तोटा नव्हता. साताऱ्यात छत्रपतींची गादी, मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि दप्तर, मिरज-तासगावकडे पटवर्धन सरदारांची दप्तरं. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांची पत्रं वाचून काढली आणि १८९७पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला. १९२४मध्ये ते वारले, तोवर हे काम त्यांनी सोडलं नाही. लेखसंग्रह सुरू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९८ला, इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला. साताऱ्यात पारसनीसांनी कागद आणि चित्रं जमवून संग्रहालय उभं केलं. या सगळ्या कामाच्या मुळाशी एक कसब होतं : मोडी पत्रातला संक्षेप अचूक उलगडणं.

मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि बोरू शक्य तितका न उचलता तिला अक्षरं लटकवत जायचा. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यात जो शब्द दहा ओळींत दहादा येणार, त्याचं पहिलं अक्षर लिहायचं आणि पुढे एक-दोन उभ्या रेघा मारायच्या. ‘रा॥’ म्हणजे राजश्री. ‘कि॥’ म्हणजे किल्ले, ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘सां।’ म्हणजे सांगितले. तारखेआधीचा ‘छ’ हा चंद्राचा, म्हणजे हिजरी महिन्याच्या तिथीचा. पत्र नेणारा कासीद दारात उभा असताना कारकुनाला हे सोयीचं होतं.

अडचण पुढे आहे. ‘पा।’ घ्या. ‘पत्र पा। ते पावले’ यात तो पाठविले. गावाच्या नावामागे आला, तर तोच परगणा. ‘ता।’ महालाच्या नावाआधी तर्फ, तारखांच्या मध्ये तागायत. अक्षर तेच, रेघ तीच, अर्थ जागेवर ठरतो. म्हणून मला नुसत्या संक्षेपांच्या यादीचा भरवसा वाटत नाही. डावीकडे संक्षेप, उजवीकडे पूर्ण शब्द, अशी यादी मोडीच्या नवशिक्याच्या हातात दिली की तो मजकुरातल्या पाठवलेल्या पत्राचा परगणा करून ठेवतो. आणि चूक एकदा छापली गेली की ती पुढच्या पुस्तकात जाते.

गंमत वाटेल, पण हाच प्रश्न संगणकावर आजही आहे. ग्नू ईमॅक्स हा १९८५पासूनचा मजकूर-संपादक. त्यात मेल लिहिताना माणसांची टोपणनावं वापरता येतात. ‘मेलआरसी’ नावाच्या फायलीत एका ओळीत छोटं नाव आणि पुढे पूर्ण पत्ता लिहून ठेवायचा. उलगडायच्या रीती मात्र दोन. एकीत टोपणनाव तसंच राहतं आणि मेल पाठवताना त्याचा पत्ता होतो. दुसरीत टाइप करतानाच डोळ्यांदेखत होतो, तोही ‘प्रति’सारख्या पत्त्याच्या ओळींतच, मेलच्या मजकुरात तेच नाव जसंच्या तसं राहतं. ‘ही सोय संक्षेप उलगडते’ एवढ्या एका वाक्याच्या माहितीवर वापरणारा चकतो. केव्हा उलगडते, कुठे उलगडते आणि कुठे नाही, हे सांगितलं तरच ती माहिती कामाची. मोडी संक्षेपांची यादी करणारा आणि ईमॅक्सची माहिती लिहिणारा एकाच पेचात सापडलेले आहेत.

२०१४च्या जूनमध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपी आली आणि तिच्यात संक्षेपाच्या खुणेला स्वतःचा वेगळा संकेतांक मिळाला. म्हणजे ती खूण आता संगणकावर साठवता, शोधता येते. ती मिळाली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मात्र फोड अजून माणसालाच करावी लागते. जुन्या पत्रांतला, अरबी अंकशब्दांत लिहिलेला शुहूर सन वाचणाऱ्याला हे ठाऊक आहे : ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. १४ जानेवारी १७६१चं पानिपत याच सालातलं. मृगाच्या सुमारास साल बदलतं, म्हणून दोन आकडे. हा ‘म्हणून’ यादीत नसला, तर यादी अर्धीच.

मोडी शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. वहीत नवा संक्षेप टिपाल, तेव्हा त्याच्या फोडीपाशी थांबू नका. तो कोणत्या पत्रात, मायन्यात की मजकुरात, कोणत्या शब्दाच्या आधी आणि कोणत्या शब्दाच्या नंतर आला, तेही शेजारी लिहा.