फ्लेमिंगो बघायला भिगवणला निघालात? बुकिंगआधी उजनीचं पाणी बघा

थंडी पडली की पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भिगवणचे फोटो फिरू लागतात. गुलाबी पंखांचा थवा, मागे उगवता सूर्य. शनिवार-रविवार बघून खोली बुक होते, पहाटे चारला गाडी निघते आणि होडीत बसल्यावर कळतं, फ्लेमिंगो अजून आलेलेच नाहीत. ठिकाण बरोबर असतं, आठवडा चुकलेला असतो.

असं का होतं?

पुण्याहून सुमारे १०० किलोमीटरवरचं भिगवण उजनी धरणाच्या फुगवट्यावर आहे. फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित किंवा अग्निपंख. तो उथळ पाण्यात उभा राहतो, चोच उलटी बुडवतो आणि चिखल-पाणी गाळून त्यातले बारीक जीव, शेवाळ खातो. त्याला काठोकाठ भरलेलं धरण नको, ओसरणारं हवं. पाणी खाली जाऊन चिखलाचे पट्टे उघडे पडले, की थवे उतरतात. पाऊस लांबला आणि धरण उशिरापर्यंत भरलेलं राहिलं, की पाहुणेही लांबतात. एरवी जानेवारी ते मार्च हा भरवशाचा काळ.

उजनीची टक्केवारी बातम्यांत नियमित येते, ती बघा. मात्र हा आकडा फक्त उपयुक्त साठ्याचा असतो. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, त्यात निम्म्याहून अधिक मृतसाठा. म्हणून ‘उजनी उणे’ अशी बातमी आली तरी धरण कोरडं पडलेलं नसतं. गंमत अशी, की पाणी लवकर उतरलं तर पक्षीप्रेमींची चांदी होते आणि त्याच आकड्यानं सोलापूरच्या ऊसवाल्याची झोप उडते.

आकडा बघून झाला की कुंभारगाव किंवा डिकसळच्या होडीवाल्याला फोन करा. ‘पक्षी आहेत का’ असं विचारलं तर उत्तर ‘आहेत’ असंच येणार. ‘आज फ्लेमिंगो कुठे बसलेत, सकाळचा फोटो पाठवता का’ असं विचारा.

सुट्टी डिसेंबरातच असेल, तरी भिगवण वाया जात नाही. चित्रबलाक, शेकाटे, बदकं आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस दिसू शकतात. फक्त मुलांना ‘गुलाबी पक्षी’ कबूल करून नेऊ नका.

होडी नको असेल तर?

आजी-आजोबा किंवा लहान मुलं सोबत असतील, तर निफाड तालुक्यातलं नांदूर मधमेश्वर सोयीचं. गोदावरी आणि कादवा नद्यांच्या संगमाजवळचं हे पाणी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. चापडगावच्या बाजूनं पायवाट आणि निरीक्षण मनोरे आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथं बदकांची गर्दी असते.

मुंबईकरांना मुक्कामाचीही गरज नाही. ठाणे खाडीत फ्लेमिंगो मे महिन्यापर्यंत दिसतात. ऐरोलीहून बोट सुटते, पण तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते आणि रोज बदलते. रिकामा दिवस आधी आणि बोट नंतर, असा बेत इथं फसतो.

पावसाळ्यात काय?

जलाशयांवरचे हिवाळी पाहुणे तेव्हा परतलेले असतात. कोकणातल्या ओढ्यांकाठी मात्र तिबोटी खंड्या वीण करतो. चिमणीएवढा, पण रंगांची नुसती उधळण! पनवेलजवळचं कर्नाळा त्यासाठी ओळखलं जातं. घरट्याजवळ गर्दी झाली तर आई-बाप पिलांपर्यंत खाऊ घेऊन पोहोचू शकत नाहीत. ‘घरट्यासमोर बसवतो’ असं सांगणारा गाइड टाळलेलाच बरा.

नान्नज, मेळघाट?

नान्नजला माळढोक दिसेल या आशेवर जाऊ नका. तो आता तिथं अपवादानंच दिसतो. काळवीट आणि माळरानावरचे इतर पक्षी बघायचे असतील तर जरूर जा. मेळघाटातला रानपिंगळा हे वेगळंच प्रकरण. नामशेष मानला गेलेला हा पक्षी १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला. त्याच्यासाठी जाणकार वाटाड्या आणि दोन-तीन दिवस हाताशी हवेत. पहिल्याच सहलीला हे नको.

ठरवण्याआधी मोबाइलवर काय तपासाल?

‘ई-बर्ड’ मोफत आहे. ठिकाणाचं नाव टाकलं की अलीकडे कुणाला काय दिसलं ते कळतं, शिवाय कोणत्या महिन्यात कोणता पक्षी दिसतो याचा तक्ताही मिळतो. जाहिरातीतल्या फोटोवर तारीख नसते, इथल्या नोंदीवर असते.

होडीत बसण्याआधी एक गोष्ट बोलून घ्या. उडत्या थव्याच्या फोटोसाठी काही जण होडी थेट पक्ष्यांत घालायला सांगतात. दर फेरीला उठवलं, तर थव्याची चरायची सकाळ त्यातच जाते. ‘लांबच थांबवा, घाई नाही’ असं सुरुवातीलाच सांगितलं की होडीवालाही वल्हं खाली ठेवतो. मग थवा चरत चरत कधी कधी आपणहून जवळ येतो.