विसरलेल्या मोटारी (लेखांक ६) : इंजिनाची साक्ष किती खरी?

सायकलकारची, म्हणजे मोटरसायकलच्या धर्तीवरच्या हलक्या मोटारीची, १९१२ साली ठरलेली व्याख्या आपण गेल्या आठवड्यात पाहिली. मोठ्या वर्गात इंजिन जास्तीत जास्त ११०० सीसीचं आणि वजन ३५० किलोपर्यंत. नियम सोपा आहे, पण हाती येतो तो एखादा पुसट फोटो. जेमतेम दोन माणसं मावतील अशी गाडी, पुढे मोटरसायकलचं व्ही-ट्विन इंजिन उघडंच, आणि नावाची पट्टी कुठेच नाही. ही गाडी कुणाची?

पाहणाऱ्याची नजर आधी इंजिनावर जाते आणि तिथेच घोळ होतो. लंडनजवळच्या टॉटनहॅममध्ये जे. ए. प्रेस्टविच यांचा कारखाना होता. त्यांची ‘जॅप’ इंजिनं मागेल त्या गाडीवाल्याला मिळत. मॉर्गन, टॅम्प्लिन आणि एव्ही मोनोकार या तिन्ही गाड्यांत जॅप सापडतं. तेव्हा इंजिनावरून गाडीचं घराणं कळत नाही, कळलाच तर काळ कळतो. १९२० पासून जॅपच्या क्रमांकात वर्षाचं एक अक्षर असे: पी म्हणजे १९२०, एन १९२१, ई १९२२, यू १९२३. मापालाही अक्षर होतं. ट्विन इंजिनात ‘के’ म्हणजे ९८० सीसी, ‘एल’ म्हणजे १०९६. मात्र हे वय इंजिनाचं. गाडीचं तेच असेल असं नाही. जुनं इंजिन दमलं की मालक मिळेल ते दुसरं बसवून मोकळा होई.

म्हणून मी इंजिन सोडून त्याच्या मागे बघतो. ताकद चाकापर्यंत कशी पोचते, ही गोष्ट सहसा कुणी बदलत नाही.

फ्रेंच बेदेलियाचंच बघा. रोबेर बूर्बो आणि आंरी देव्हो यांनी ती १९१० मध्ये काढली. प्रवासी पुढे, चालक त्याच्या पाठीमागे. पुढची आस मधोमध एका खिळीवर फिरते आणि स्टिअरिंगच्या दांड्याला गुंडाळलेल्या तारा तिला ओढतात, थेट बैलगाडीच्या कासऱ्यासारख्या. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लांबच लांब पट्टे. पट्टा सैल करायचा तर मागची आसच पुढे सरकवायची! असा विचित्र प्रकार एकदा पाहिला की विसरत नाही.

मॉर्गन ओळखणं त्याहून सोपं. चाकं तीन, मागे एकच. सांगाड्याच्या मध्यावर जाड नळी आणि तिच्या आत फिरणारा दांडा. मागच्या चाकाला दोन साखळ्या, एक हळू चालीची, एक वेगाची. पुढची चाकं उभ्या खांबांवर स्प्रिंगनं वरखाली सरकतात.

तीन चाकांवरून रणही माजलं. १९१३ मध्ये फ्रान्समधल्या आमियँ इथल्या सायकलकार ग्रां प्री शर्यतीत मॅकमिनीज नावाचा चालक जॅप इंजिनाच्या मॉर्गनवर पहिला आला. पण ही सायकलकार नव्हे, साइडकारच, असा फ्रेंचांनी निकाल दिला आणि बक्षीस बूर्बोच्या बेदेलियाला मिळालं. मला विचाराल तर तो निकाल निव्वळ अप्पलपोटेपणाचा होता.

तिसरी जी.एन. गॉडफ्री आणि फ्रेझर-नॅश यांची. सुरुवातीला त्यांनीही बाहेरची इंजिनं घेतली, पुढे स्वतःचं व्ही-ट्विन बनवलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या जी.एन.मध्ये त्याचे सिलिंडर नव्वद अंशांत पसरलेले, बॉनेटच्या दोन्ही अंगांनी बाहेर डोकावणारे. मागे डिफरन्शियल नाही, प्रत्येक गिअरला वेगळी साखळी. फ्रान्समध्ये हीच गाडी साल्मसाँनं परवान्यावर बनवली, त्यामुळे फ्रेंच नावाखाली इंग्रजी यंत्र निघालं तर दचकू नका.

बॉडीवर मात्र अजिबात जाऊ नका. लाकूड, पातळ पत्रा, टॅम्प्लिनमध्ये तर दाबलेला पुठ्ठा; शंभर वर्षांत मूळचं फारसं काय टिकणार? त्यातून जी.एन.ची चॅसी हलकी, म्हणून शर्यतवाल्यांनी तिच्यावर आपापल्या गाड्या उभ्या केल्या. शेल्सली वॉल्शच्या चढणीवर गाजलेली बेसिल डेव्हनपोर्टची ‘स्पायडर’ त्यातलीच. तेव्हा साखळ्या अस्सल जी.एन.च्या निघाल्या, तरी समोरची गाडी त्या रूपात कारखान्यातून बाहेर पडलीच असेल असं नाही.