युद्धनौकांची नावे आणि वर्ग

शिरूर कासार समुद्रापासून दूर असले, तरी या गावावरून वाहणाऱ्या सिंदफणेचे पाणी गोदावरीला मिळते. आणि गोदावरीचे नाव नौदलाच्या एका युद्धनौकेने मिरविले आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'गोदावरी' ही फ्रिगेट १९८३ मध्ये नौदलात दाखल झाली व २०१५ मध्ये निवृत्त झाली. तिच्यामागून आलेल्या 'गंगा' व 'गोमती' याही 'गोदावरी' वर्गाच्याच गणल्या गेल्या; कारण पहिल्या नौकेचे नाव तिच्या सर्व भगिनी नौकांच्या वर्गास देण्याचा प्रघात आहे.

मराठा आरमारात दोन-तीन डोलकाठ्यांचे मोठे गुराब आणि वल्ह्यांनीही चालणारे चपळ गलबत असा भेद बांधणीवरून केला जाई. आधुनिक नौदलांत विनाशिका, फ्रिगेट, कॉर्व्हेट अशी प्रतवारी आहे. परंतु तिला सर्वमान्य असे एकच मोजमाप नाही. १९८० मध्ये दाखल झालेली 'राजपूत' ही विनाशिका सुमारे ५ हजार टनांची होती, तर २०२५ मधील नवी 'निलगिरी' फ्रिगेट असूनही ६ हजार टनांहून अधिक वजनाची आहे. जपानने २०१५ मध्ये दाखल केलेली 'इझुमो' सपाट लांब धावपट्टीची असतानाही, केवळ संरक्षणापुरतेच सैन्यबळ राखण्याच्या धोरणामुळे, तिला हेलिकॉप्टरवाहू विनाशिका म्हटले गेले.

म्हणूनच कोणत्या देशाकडे किती विनाशिका आहेत, एवढ्यावरून नाविक बळाचा अंदाज बांधणे फसवे ठरते. वर्गनामाइतकेच नौकेचे वजन, शस्त्रसामग्री व नेमून दिलेले कार्य विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तरच हा विषय त्यांना यथार्थपणे उमजेल.