ब्रीफ आधी, स्केच नंतर

आम्ही चौघं उपयोजित कलेचे विद्यार्थी. एका बोधचिन्ह स्पर्धेतून आम्ही बाद झालो, तिथूनच सुरुवात करू.

ब्रीफमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, चिन्ह एका रंगातही ओळखू आलं पाहिजे. आम्ही ते आपापल्या मोबाइलवर वाचलं, आपापली स्केचेस केली आणि शेवटच्या रात्री चारही कल्पना एकत्र जोडल्या. कुणाला दुखवायचं नव्हतं ना! काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये नुसता डाग दिसला.

आता रुपयाचं चिन्ह पाहा. आयआयटी मुंबईच्या डी. उदय कुमार यांचं हे डिझाइन २०१० मध्ये स्पर्धेतूनच निवडलं गेलं. देवनागरी ‘र’, उभा दांडा नसलेला रोमन ‘आर’ आणि वर शिरोरेषा. दोन लिप्या, पण आकार एकच. मेळ घालणं वेगळं आणि गोळाबेरीज वेगळी, ती अशी.

म्हणून आता आम्ही ब्रीफ एकत्र बसून मोठ्याने वाचतो. अटी, अपेक्षा आणि मोकळीक असे तीन रकाने करतो. कल्पना आधी अटींवर तपासायची. ती कुणाची, हे नंतर. टिकेल ती एकच पुढे न्यायची. बाकीच्या तिघांची नावं प्रवेशिकेवर राहतातच, कारण काय वगळायचं हे ठरवणं हेही कामच असतं.