विम्याचा हिशेब संसदेपुढे

'अहवाल' हा शब्द तुम्हांला अनोळखी वाटणार नाही. उर्दूत आपण एकमेकांचे हाल-अहवाल विचारतो. तोच शब्द मराठीत आला आणि त्याला 'केलेल्या कामाची लेखी माहिती' असा अर्थ मिळाला. उर्दूतील 'बीमा' म्हणजे मराठीतील 'विमा'. या पाठात आपण विम्याच्या अहवालाविषयी माहिती घेऊ.

आपल्या बिलोली तालुक्यातील शेतकरी पिकांचा विमा उतरवतात. कोणी स्वतःच्या जीवनाचा, तर कोणी मोटारसायकलचा विमा काढतो. त्यासाठी भरायच्या पैशाला हप्ता म्हणतात. लाखो लोकांच्या हप्त्यांतून मोठी रक्कम जमते. ज्याच्यावर संकट येते, त्याला त्यातून भरपाई मिळते. आता विचार करा. आयुर्विम्याचा हप्ता आज भरला, तर पैसे कदाचित वीस वर्षांनी मिळतात. एवढ्या काळात हा पैसा सुरक्षित आहे की नाही, हे कोणी पाहायचे? प्रत्येक माणूस कचेरीत जाऊन वह्या तपासू शकत नाही. म्हणून हे काम त्याने निवडून दिलेल्या प्रतिनिधींकडे येते.

पूर्वी आयुर्विमा खाजगी कंपन्यांच्या हाती होता. काही कंपन्या बुडाल्या आणि लोकांचे पैसे गेले. १९५६ च्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्याच्या कामकाजाचा अहवाल केंद्र सरकारने संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा, अशी तरतूद कायद्यात करण्यात आली.

पुढे १९९९ च्या कायद्याने विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांसाठी पुन्हा खुले झाले. सर्व विमा कंपन्यांवर देखरेख करण्यासाठी विमा नियामक प्राधिकरण नेमण्यात आले. त्याचे मुख्य कार्यालय आपल्याला जवळच्या हैदराबाद शहरात आहे.

या प्राधिकरणाचा अहवाल दिल्लीपर्यंत कसा जातो, ते पाहा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यानंतर ९ महिन्यांच्या आत प्राधिकरणाने वर्षभराच्या कामाचा अहवाल केंद्र सरकारला द्यावा लागतो. प्राधिकरणाचे हिशेब भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासतात. मग मंत्री हा अहवाल लोकसभेत आणि राज्यसभेत सादर करतात. याला 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' असे म्हणतात. पटल म्हणजे टेबल. पटलावर ठेवलेला कागद सर्व सदस्यांना व जनतेला वाचता येतो.

अहवाल वेळेवर आला नाही, तर उशिराचे कारण सांगणारे निवेदनही पटलावर ठेवावे लागते. असे कागद वेळेवर येतात की नाही, हे पाहण्यासाठी सदस्यांची एक समितीच असते.

परंतु कागद नुसता टेबलावर पडून राहिला, तर त्याचा उपयोग काय? कोणीतरी तो वाचला पाहिजे आणि प्रश्न विचारला पाहिजे. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. त्यावर खासदार फिरोज गांधी यांनी लोकसभेत जाब विचारला. सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी ती मुंबईत सर्वांसमक्ष केली. अखेर १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

पीक विम्याचेही असेच आहे. २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांचा पीक विमा योजनांवरील अहवाल संसदेपुढे आला. पाहणी केलेल्या शेतकऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना या योजनांची माहितीच नव्हती, असे त्यात आढळले. ही गोष्ट लिहून संसदेपुढे ठेवली गेली, म्हणूनच तिच्याविषयी सरकारला विचारता येते.

तुमच्या घरी विम्याची पावती असेल, तर ती एकदा नीट वाचून पाहा. तिच्यावरील रक्कम लहान असेल. पण अशा असंख्य रकमांचा हिशेब संसदेपुढे जातो. त्याविषयी शंका वाटली, तर आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारता येते. उद्या तुम्ही मतदार व्हाल, तेव्हा हा हक्क लक्षात ठेवा.